सोळाव्या वर्षी मेथ घेतलं तर मेंदूत नेमकं काय होतं

‘एमडी’ म्हणजे काय, हे सोलापुरात आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इफेड्रिनचा टनावारी साठा पकडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच वसाहतीत मुंबई गुन्हे शाखेला मेफेड्रॉन, म्हणजेच एमडी, बनवणारा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडी पोलिसांनी एमडीच्या पुड्या पकडल्या आणि तुळजापूरचं ड्रग्ज प्रकरण पुढे कित्येक महिने गाजत राहिलं. प्रत्येक बातमीत दोन आकडे ठळक असतात, किती किलो आणि किती कोटी. हा पदार्थ सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या शरीरात गेल्यावर काय करतो, ते मात्र त्या बातमीत नसतं. या लेखात तेवढंच सांगायचं आहे.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. मेथ म्हणजे मेथॅम्फेटामिन. काचेच्या खड्यांसारखं दिसतं म्हणून त्याला आईस किंवा क्रिस्टल म्हणतात. एमडी म्हणजे मेफेड्रॉन, ही बहुतेक वेळा पांढरी किंवा पिवळसर भुकटी असते. दोन्ही वेगळी रसायनं आहेत, पण एकाच कुळातली. मेंदूवर दोघांचा मारा साधारण एकाच जागी होतो. मोठा फरक वेळेचा आहे. एमडीची नशा दोन-चार तासांत उतरते, त्यामुळे घेणारा रात्रभरात पुन्हा पुन्हा ओढत राहतो. मेथ शरीरात फार काळ टिकतं. घेतलेल्यापैकी निम्मं बाहेर पडायलाच दहा-बारा तास लागतात, म्हणून एकदा घेतलं की आख्खी रात्र आणि दुसरा दिवस जागा. महाराष्ट्रात पोरांच्या हाती जास्त करून एमडी पडते. पण पुडी विकणारा जे नाव सांगतो तेच आत असेल याची खात्री कुणालाच नसते, विकणाऱ्यालाही नसते. त्यामुळे पुढे मेथबद्दल जे लिहिलं आहे, त्यातलं बरंचसं एमडीलाही लागू आहे असं धरून वाचा.

आणि इफेड्रिन? ते सर्दी आणि दम्याच्या औषधांत वापरलं गेलेलं, कायदेशीर रसायन आहे. औषध कारखान्यांच्या गावात ते असणं यात काही गैर नाही. पण त्यापासून मेथही बनवता येतं, म्हणून त्याच्या प्रत्येक किलोचा हिशेब ठेवावा लागतो. २०१६ चं प्रकरण त्या हिशेबाचं होतं.

जागं राहण्याचं औषध

मेथ कुणा गुंडाने गुपचूप शोधून काढलेलं नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८९३ मध्ये इफेड्रिनपासून ते तयार केलं. १९१९ मध्ये अकिरा ओगाता यांनी त्याचे स्फटिक बनवले. १९३८ पासून जर्मनीत ते पर्व्हिटिन नावाने औषधाच्या दुकानात मिळायचं, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना जागं ठेवायला त्याच्या लाखो गोळ्या वाटल्या गेल्या. जपाननेही आपल्या सैनिकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना तेच दिलं. युद्ध संपल्यावर उरलेला साठा बाजारात आला, तरुण पोरं त्यात सापडली आणि १९५१ मध्ये जपानला त्यासाठी खास कायदा करावा लागला.

हा इतिहास सांगायचं कारण असं की पोरांना दाखवलं जाणारं आमिष आजही तेच आहे. पहिल्यांदा पुडी पुढे करणारा ‘चल, तुला व्यसनी करतो’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, “झोपच येत नाही बे, रात्रीत दोन विषय होतात.” जिममधल्याला सांगतो की चरबी उतरते. गणपतीच्या मिरवणुकीत नाचायचं असेल तर सांगतो की पाय दुखत नाहीत. मुलींना वजन कमी होतं म्हणून सांगितलं जातं. आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य, “एकदा बघ की बे, काय होत नाही.” गंमत म्हणजे यातलं पहिल्या दिवशी बरंचसं खरं निघतं. झोप खरंच येत नाही, भूक खरंच लागत नाही. म्हणूनच शाळेत ऐकलेलं ‘ड्रग्ज म्हणजे मृत्यू’ हे वाक्य त्या पोराला त्याच रात्री खोटं वाटायला लागतं.

कवटीची पोस्टर्स लावून आणि निबंध स्पर्धा घेऊन हे थांबेल यावर माझा विश्वास नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात २००५ पासून मेथच्या विरोधात अंगावर काटा आणणाऱ्या जाहिरातींचा भडिमार झाला. सडलेले दात, फाटलेली कातडी, सगळं दाखवलं. नंतर आकडे नीट तपासले तेव्हा दिसलं की पोरांमधला वापर आधीपासूनच उतरत होता, जाहिरातींमुळे वेगळा फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. पोरांना खरी यंत्रणा समजावून सांगितली तर ती ऐकतात. निदान दहावीचं विज्ञान शिकलेल्या पोराला एवढं समजायला हरकत नाही.

मेंदूतली उलटी वाहतूक

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन आहे. त्याला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, ते अर्धवट बरोबर आहे. ‘हे महत्त्वाचं होतं, हे पुन्हा कर’ असं मेंदूला सांगणं, हे त्याचं खरं काम. भूक लागलेली असताना गरम भाकरी आणि शेंगाचटणी समोर आली, मॅच जिंकली, आवडत्या माणसाचा मेसेज आला, की एक पेशी थोडं डोपामिन सोडते. ते शेजारच्या पेशीला निरोप देतं आणि मग पहिली पेशी ते परत आत ओढून घेते. पुढच्या वेळी तेच वापरायचं असतं. परत ओढण्याचं काम करणारे प्रथिनाचे दरवाजे पेशीच्या भिंतीवर असतात.

मेथ याच दरवाजांतून आत शिरतं. ते दिसायला डोपामिनशी इतकं मिळतंजुळतं असतं की दरवाजा त्याला आत घेतो. आत गेल्यावर ते डोपामिनच्या साठवणीच्या पिशव्या रिकाम्या करतं, जास्तीचं डोपामिन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, आणि शेवटी दरवाजाची दिशाच फिरवतं. जो दरवाजा आत ओढायचा, तोच बाहेर फेकायला लागतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आवडीच्या खाण्याने डोपामिनची पातळी साधारण दीडपट झालेली दिसते. मेथने ती दहापटींच्याही वर गेलेली दिसली आहे.

निसर्गात या पातळीला पोचवणारी दुसरी कुठलीच गोष्ट नाही. परीक्षेत पहिला नंबर आला तरी ती येत नाही, प्रेमात पडल्यावरही येत नाही. त्यामुळे मेंदू त्या रात्रीची नोंद ‘आजवरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट’ अशी करून ठेवतो. ही नोंद फक्त नशेची नसते. ती जागा, ते मित्र, तो मोबाईलवरचा मेसेज, पुडीच्या प्लास्टिकचा आवाज, सगळं तिच्यात जातं. वर्ष-दोन वर्षांनी तोच मित्र सात रस्ता चौकात दिसला तरी तलफ उसळते, ती यामुळे.

मग उतार येतो. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे वेगळं सांगायला नको. टाकी भरली त्याच संध्याकाळी घरातले सगळे नळ कुणी सोडून दिले, तर पुढचे चार दिवस त्या घरात प्यायलाही पाणी नसतं. मेथनंतर डोपामिनचं हेच होतं. साठा संपलेला असतो आणि नवा तयार व्हायला वेळ लागतो. पोरगं वीस-वीस तास झोपतं, उठलं की अधाशासारखं खातं, कशातच मन लागत नाही, चिडतं, रडतं. काही जणांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. हे नाटक नसतं आणि माजही नसतो. त्या दिवसांत त्याच्या मेंदूला आनंद होण्याची सोयच उरलेली नसते. ‘आता काही खरं नाही’ असं त्याला वाटतं, आणि त्या क्षणी यातून बाहेर पडायचा एकच रस्ता त्याला माहीत असतो, पुन्हा एक पुडी.

वारंवार घेतल्यावर आणखी एक बदल होतो. इतक्या पुराला तोंड द्यायचं म्हणून मेंदू डोपामिन घेणाऱ्या जागा कमी करतो, आणि परत ओढणारे दरवाजेही घटतात. मग आधी जेवढ्याने नशा व्हायची तेवढ्याने होत नाही. त्याहून वाईट म्हणजे साध्या गोष्टींतली मजा जाते. क्रिकेट नको, सिनेमा नको, आईच्या हातचं नको. घरच्यांना वाटतं पोरगं शिष्ट झालं.

चाळिशीतला माणूस आणि सोळाचं पोर

मोठ्या माणसालाही मेथ बिघडवतंच. पण सोळाव्या वर्षी घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

मेंदूचा आकार सहा-सात वर्षांचे असतानाच जवळजवळ पुरा होतो, पण आतली जुळणी विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. कपाळामागचा भाग, म्हणजे थांबून विचार करणं, परिणाम तोलणं, ‘नको’ म्हणणं ही कामं करणारा भाग, सगळ्यात शेवटी तयार होतो. बक्षीस आणि थरार हुंगणारा भाग मात्र बारा-तेराव्या वर्षापासूनच जोरात असतो. या दोघांमधली दहा-बारा वर्षांची फट म्हणजे किशोरवय. मित्रांसमोर भलतं धाडस करणं, आजची मजा उद्याच्या परीक्षेपेक्षा मोठी वाटणं, हे त्या वयाचं वागणंच आहे, त्यात पोराचा दोष नाही.

शिवाय या वर्षांत मेंदू छाटणी करत असतो. ज्या जोडण्या वापरात आहेत त्या पक्क्या होतात, ज्या वापरात नाहीत त्या काढून टाकल्या जातात. तबला शिकणाऱ्या पोराचा हात याच वयात बसतो, भाषा याच वयात पक्की होते, आणि व्यसनही याच वयात पक्कं होतं. ज्या काळात मेंदू ‘काय ठेवायचं, काय टाकायचं’ हे ठरवतोय, त्याच काळात त्याच्यावर दहापट डोपामिनचा पूर आला, तर तो काय ठेवेल ते सांगायला नको. वापर जितक्या लहान वयात सुरू होतो तितकी पुढे व्यसन जडण्याची शक्यता जास्त, हे दारू-तंबाखूपासून सगळ्या पदार्थांबाबत दिसलेलं आहे.

संशयाचं भूत

घरच्यांना सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे डोकं फिरणं. दोन-तीन रात्री सलग जागरण झालं की मेथ घेणाऱ्याला संशय यायला लागतो. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतायत, फोन कुणीतरी ऐकतंय, आईने जेवणात काहीतरी घातलंय. कानात आवाज येतात. कातडीखाली किडे फिरतायत असं वाटून पोरं हात-तोंड खरवडून जखमा करून घेतात. बहुतेकांचं हे काही दिवसांत, झोप झाली की उतरतं. काहींचं मात्र आठवडे-महिने राहतं, आणि काहींच्या बाबतीत तो कायमचा मानसिक आजार ठरतो. स्किझोफ्रेनिया सुरू होण्याचं वयही हेच, पंधरा ते पंचवीस. ज्या घरात आधी कुणाला असा आजार झालेला आहे, तिथे तर हा विस्तवाशी खेळ आहे.

आपल्याकडे या टप्प्यावर घरं दोन वाटांनी जातात. एक म्हणजे ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’, करणी, बाधा. दुसरी म्हणजे ‘लग्न लावून द्या, सुधारेल’. देवाला जायला कुणाची ना नाही. पण त्याआधी सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. तिथे केसपेपरच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने महिनेच्या महिने वाया जातात. लग्नाच्या सल्ल्याबद्दल एवढंच म्हणतो, त्यात आणखी एका मुलीचं आयुष्य पणाला लागतं.

सोलापूरचा उन्हाळा आणि हे विष

आता शरीराकडे येऊ. मेथ हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. हार्ट अटॅक आणि मेंदूत रक्तस्राव या आजोबांच्या वयाच्या गोष्टी विशीत होऊ शकतात, त्या यामुळेच. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं हृदय सैल पडतं, पंपिंग कमी होतं. तोंड कोरडं पडणं, दात खाणं, गोड कोल्ड्रिंक पीत राहणं आणि ब्रश न करणं, यातून दातांची वाट लागते. सुया किंवा नळ्या एकमेकांत फिरवल्या तर कावीळ आणि एचआयव्ही. शुद्ध नसताना झालेल्या शरीरसंबंधांचे परिणाम वेगळे, आणि त्यात मुलींची फरफट सगळ्यात जास्त होते. हे सगळं थोडक्यात सांगतोय, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी लोकांनी ऐकलेल्या असतात.

ताप चढण्याबद्दल मात्र फार कमी लोकांना माहिती असते, आणि आपल्या गावात तोच धोका मोठा आहे. मेथ आणि एमडी दोन्ही शरीराची उष्णता वाढवतात. शरीर आतून जास्त तापतं, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे ती उष्णता कातडीवाटे बाहेर पडत नाही. त्यात तहान-थकव्याची जाणीव मेलेली. आता हेच एप्रिल-मेच्या सोलापुरात ठेवून बघा, पारा ४२-४३ अंशांवर, पत्र्याच्या खोलीत किंवा यंत्रमागाच्या शेडमध्ये, नाहीतर डीजेपुढे चार तास नाचणारं पोर. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या पुढे गेलं की स्नायू विरघळायला लागतात, त्यातला मळ मूत्रपिंडात अडकतो, झटके येतात. असा मृत्यू फार मोठ्या डोसनेच होतो असं नाही.

असं पोर समोर आलं, म्हणजे अंग भट्टीसारखं, छाती दुखतेय, झटका आला किंवा बोलण्यात काही ताळमेळ नाही, तर १०८ ला फोन करा. सावलीत किंवा पंख्याखाली न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा. पूर्ण शुद्धीत नसेल तर लिंबूपाणी, दूध, काहीही तोंडात घालू नका. चार जणांनी मिळून पालथं दाबून धरू नका, श्वास कोंडतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. अफूच्या नशेवर जसा उतारा देता येतो, तसा मेथवर नाही. डॉक्टर शांत करणारी औषधं देतात, अंग थंड करतात आणि हृदयावर लक्ष ठेवतात. म्हणून काय घेतलं होतं ते डॉक्टरला स्पष्ट सांगा. ‘ऊन लागलं’ एवढंच सांगून अब्रू वाचते खरी, पण उपचार चुकतात.

घरात काय दिसतं

दोन दिवस अजिबात झोप नाही आणि मग दिवसभर न उठणं. जेवणावरची वासना जाऊन महिन्या-दोन महिन्यांत चेहरा उतरणं. अंधुक उजेडातही मोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या, सतत हलणारा जबडा, तुटक आणि भराभर बोलणं. पैशांचे हिशेब न लागणं. खोलीत छोट्या चेनच्या प्लास्टिक पुड्या, जळालेला फॉइल, काचेची नळी, फोडलेला बल्ब, गुंडाळलेली नोट.

तरीही यातली एखाद-दुसरी खूण दिसली म्हणून निष्कर्षावर उडी मारू नका. बारावीचं टेन्शन, प्रेमभंग, साधं नैराश्य, यांतही झोप आणि भूक बिघडते. एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालात १० ते ७५ वयाच्या लोकांत मेथसारखे पदार्थ घेणाऱ्यांचं प्रमाण ०.१८ टक्के निघालं होतं. त्याच अहवालात १० ते १७ वयाच्या मुलांत सोल्यूशन, व्हाइटनर असल्या वस्तू हुंगण्याचं प्रमाण १.१७ टक्के होतं, मोठ्यांच्या दुप्पट. म्हणजे बातमी एमडीची असते, आणि रेल्वे स्टेशनाबाहेर पोरगं हुंगत असतं पंक्चरचं सोल्यूशन. गुटखा आणि मावा तर आपण व्यसनात मोजतच नाही. माझ्या मते पोरांशी बोलायची सुरुवात तिथूनच करावी, एमडीपासून नाही.

लघवी तपासणीची किट आता औषधाच्या दुकानात मिळतात. त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. मेथ घेतल्यावर साधारण दोन-चार दिवसच सापडतं, एमडी साध्या किटमध्ये बऱ्याचदा सापडतच नाही, आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी निर्दोष पोरगंही दोषी ठरू शकतं. शिवाय बाथरूमच्या दाराशी उभं राहून घेतलेल्या तपासणीनंतर ते पोरगं तुमच्याशी खरं बोलेल असं वाटत असेल तर सोडून द्या.

बोलायचं कधी? नशेत असताना नाही, आणि उताराच्या दिवशीही नाही. झोप होऊन, जेवून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. कुणी बोलायचं? बापच हवा असं काही नाही. बाप यंत्रमागावर रात्रपाळीला, आई विड्या वळतेय, घरात आजी, अशी किती घरं पूर्व भागात आहेत. मामा असेल, मोठा चुलतभाऊ असेल, ज्याचं ते ऐकतं त्याने बोलावं. ‘घेतोस का?’ असा पोलिसी प्रश्न टाकण्यापेक्षा ‘झोप का लागत नाही तुला?’ इथून गाडी पुढे सरकते. मारून काही होत नाही. मार खाल्लेलं पोरगं घराबाहेर जास्त वेळ काढतं आणि बाहेर कोण आहे ते आपल्याला माहीत आहे.

कायद्याची भीती बऱ्याच घरांचं तोंड बंद करते, म्हणून तेही सांगतो. एनडीपीएस कायदा १९८५ चा. मेथ बाळगणं, विकणं, घेणं तिन्ही गुन्हे आहेत. ५० ग्रॅम म्हणजे व्यावसायिक प्रमाण धरलं जातं आणि त्यापुढे किमान दहा वर्षं सक्तमजुरी. पण व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला गेला, तर कमी प्रमाणाच्या प्रकरणात किंवा सेवनाच्या प्रकरणात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची सोय याच कायद्याच्या ६४-अ कलमात आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचा विचार बाल न्याय कायद्याने होतो. आणि मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला किंवा त्याच्या हातून पुड्या पोचवणाऱ्याला त्या कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे पोचवण्याचं काम नीट लक्षात घ्या. पहिल्या पुड्या फुकट असतात, मग उधार, मग ‘पैसे नाहीत तर हे तिकडे देऊन ये’. पोरगं कधी गिऱ्हाइकापासून विकणाऱ्याचा माणूस होऊन जातं ते त्यालाही कळत नाही.

सुटायला किती दिवस

मेथचं व्यसन सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत नॅल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑन ही दोन औषधं एकत्र दिली, तेव्हा १३.६ टक्के लोकांना फायदा झाला, नुसत्या खोट्या औषधाने २.५ टक्क्यांना. म्हणजे काहीतरी हाती लागतंय, पण थोडं. आज जे सगळ्यात चांगलं चालतं ते आहे नियमित समुपदेशन, घरच्यांना बरोबर घेऊन केलेले उपचार, आणि तपासणी स्वच्छ निघाली की लगेच छोटं, ठरलेलं बक्षीस देण्याची पद्धत. ही शेवटची पद्धत ऐकून लोक हसतात. पण ज्या मेंदूला बक्षिसाची चव विसरायला लावली आहे त्याला ती पुन्हा लावायची, यात हसण्यासारखं काय आहे?

कुठलंही केंद्र निवडताना मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली त्याची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ खरंच येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. कोंडून ठेवणं आणि मारहाण हे उपचार नाहीत. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, आणि विक्रीची खबर द्यायची असेल तर १९३३. तीनही फोन मोफत आहेत.

जिल्ह्याला हे सगळं नवीन आहे असंही नाही. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी मुळेगाव तांडा आणि इतर तांड्यांवर हातभट्टीच्या विरोधात ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. नुसत्या धाडी न घालता, भट्टी बंद केली तर खायचं काय, हा प्रश्न त्यांनी हातात घेतला, म्हणून ते देशभर नावाजलं गेलं. एमडीच्या बाबतीत कारखान्यांवर धाडी पडतायत, त्या पडायलाच हव्यात. पण धाड पडल्यावर माल महागला तर आधीच अडकलेल्या पोराचं काय, हा प्रश्न अजून कुणी हातात घेतल्याचं मला दिसत नाही. शाळेत एक समुपदेशक असणं ही चैन आहे असं समजून आपण चाललो आहोत.

आणि मेंदू भरून येतो का? बऱ्याच अंशी येतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मेंदू-संशोधक नोरा व्होल्कॉव यांच्या गटाने मेथ सोडलेल्या काही लोकांचे मेंदू दोनदा तपासले. बारा ते सतरा महिने पूर्ण दूर राहिल्यावर त्यांचे डोपामिनचे दरवाजे बरेचसे परत आले होते. स्मरणशक्ती आणि हालचालींतली कमजोरी मात्र तेवढ्या वेगाने सुधारली नव्हती. म्हणजे एकवीस दिवस केंद्रात राहून आलेलं पोरगं बरं होऊन आलेलं नसतं, तिथून सुरुवात झालेली असते. पहिले दोन-तीन आठवडे झोप आणि चिडचिड, त्यानंतरचे काही महिने ‘कशातच मजा नाही’. त्या काळात त्याच्याकडून नव्वद टक्क्यांची अपेक्षा धरू नका. एक वर्ष गेलं तर जाऊ द्या. सिमकार्ड बदला, जुन्या ग्रुपमधून त्याला स्वतःच्या हाताने बाहेर पडू द्या, संध्याकाळचे सहा ते नऊ हे तास कशाने तरी भरा, तालीम, पार्क मैदान, मामाचं दुकान, काहीही. आणि मधेच एकदा पुन्हा घेतलं असं कळलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे घेऊन जा, ठरलेली पुढची तारीख रद्द करू नका.